स्वतःस इजा करून घेणारीं मुलें व त्यांची शुश्रूषा

'शुश्रूषा' हा शब्द आपण रोग्याची सेवा या अर्थानें वापरतों. परंतु संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. ऐकणें या अर्थाच्या 'श्रु' धातूपासून तो सिद्ध झाला आहे. ताप उतरविणाऱ्या किंवा मोडलेल्या हाडाची काळजी घेणाऱ्या परिचारिकेस या मूळ अर्थाची रोज आठवण होत असेल असें नाहीं. पण ज्या रोग्यांविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्यांच्या बाबतींत तो अर्थ अक्षरशः खरा आहे. हे रोगी म्हणजे तुमच्याच वयाचीं, बारा-तेरापासून अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतचीं मुलें. आणि त्यांच्या अंगावरील जखमा अपघाताच्या नसून त्यांनीं स्वतःच करून घेतलेल्या असतात.

असा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं पालकांच्या मनांत येईल. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, मुलांस हा प्रकार आपल्याच तोंडून प्रथम कळतो असें मुळींच नाहीं. ऑक्सफर्ड येथील मानसोपचारतज्ज्ञ कीथ हॉटन व त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांतील ४१ शाळांतून १५ व १६ वर्षांच्या सुमारें ६,००० विद्यार्थ्यांची पाहणी केली व तिचा वृत्तांत २००२ सालीं प्रसिद्ध केला. मागील एका वर्षांत स्वतःस इजा करून घेतल्याचें शेंकडा ६.९ विद्यार्थ्यांनीं सांगितलें. मुलींत हें प्रमाण शेंकडा ११.२ व मुलग्यांत ३.२ होतें. निरनिराळ्या देशांतील अशा पाहण्या एकत्र करून २०१४ सालीं जो हिशेब मांडला गेला, त्यांत मरणाचा हेतु नसतांना निदान एकदां तरी स्वतःस इजा केलेल्या कुमारवयीनांचें प्रमाण शेंकडा १७ च्या आसपास भरलें. प्रश्न कसा विचारला यावर हे आंकडे कमीअधिक होतात. परंतु अशीं मुलें कोठें तरी दूर, भलत्याच घरांत असतात ही समजूत त्यांपुढें टिकत नाहीं.

ऑक्सफर्डच्या त्या वृत्तांतांतील आणखी एक आंकडा मला अधिक बोलका वाटतो. इजेच्या एकंदर प्रसंगांपैकीं इस्पितळांत जाण्याचा प्रसंग आला तो केवळ शेंकडा १२.६ मध्यें. म्हणजे आठांपैकीं सात प्रसंग इस्पितळापर्यंत पोंचलेच नाहींत. 'हें सारें लोकांचें लक्ष वेधण्यासाठीं चाललेलें असतें' असें सर्रास म्हटलें जातें. लक्ष वेधावयाचें असतें तर मुलें भर उन्हाळ्यांत पूर्ण बाह्यांचे सदरे घालून कां बसतीं?

मग मूल असें कां करतें? याचें एकच उत्तर नाहीं. मुलांनीं स्वतः सांगितलेलीं कारणें पाहिलीं तर पुनःपुन्हां आढळणारें कारण असें कीं, मनाची स्थिति असह्य झाली होती व तींतून क्षणभर सुटका हवी होती. कोणी म्हणतें, मला स्वतःस शिक्षा करावयाची होती. कोणी म्हणतें, आंत सारें बधिर झालें होतें, कांहीं तरी जाणवावें म्हणून केलें. कोणास मरावेंसेंही वाटत असतें. शरीराची वेदना मनाच्या वेदनेस थोडा वेळ मागें ढकलते हें खरें आहे. आणि घात तेथेंच आहे. सुटका मिळते म्हणून मन पुन्हां त्याच वाटेस वळतें; ती सुटका टिकत नाहीं, मागाहून लाज येते, आणि ती लाजच पुढच्या वेळचें कारण होऊन बसते. परीक्षेंतील अपयश, घरांतील भांडणें, मारहाण, वर्गांतील टोळक्याचा छळ, हल्लीं मोबाइलच्या पडद्यावरून रात्रंदिवस चालणारी टवाळी, जवळच्या माणसाचा मृत्यु, कोणास सांगतां न येणारा अत्याचार, अशा कित्येक गोष्टी मुळाशीं असूं शकतात. पुष्कळदां नैराश्याचा अथवा चिंतेचा विकारही असतो. साधन व रीत यांविषयीं येथें कांहीं लिहिलेलें नाहीं, तें मुद्दामच. तें वाचून कोणाचेंही भलें होत नाहीं.

या प्रकारास आपल्या भाषेंत रूढ असा शब्द नाहीं, ही अडचणही लहान नव्हे. 'आत्मक्लेश' म्हटलें कीं उपासतापास व व्रतें डोळ्यांपुढें येतात. 'आत्महत्येचा प्रयत्न' म्हटलें कीं पोलीस व पंचनामा आठवतो. इंग्रजींत यासाठीं जो शब्द आहे, त्याचा अर्थ नुसता 'स्वतःस केलेली इजा' एवढाच आहे. हेतु काय होता हें तो सांगत नाहीं. मला हें शहाणपणाचें वाटतें. कारण पुष्कळ वेळां त्या क्षणीं आपल्याला नक्की काय हवें होतें, हें त्या मुलालाही सांगतां येत नाहीं. मरणाचा हेतु नव्हता एवढ्यावरून गोष्ट क्षुल्लक ठरत नाहीं. ज्यानें एकदां स्वतःस इजा केली त्याच्या जिवास पुढें असणारा धोका इतरांहून अधिक असतो, हें अनेक अभ्यासांतून दिसून आलें आहे.

आतां इस्पितळाकडे वळूं. समजा, पंधरा वर्षांच्या एका मुलीस रात्रीं अकराच्या सुमारास तिचे आईवडील अपघात विभागांत घेऊन आले आहेत. हातास घाईघाईनें कापड गुंडाळलेलें आहे. आई रडत आहे, वडील रागावलेले आहेत आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली आहे. शेजारच्या खाटेवर मोटारीच्या अपघातांतील जखमी मनुष्य आहे. अशा वेळीं परिचारिकेचें पहिलें काम अगदीं साधें असतें: पडदा ओढून घेणें, आणि या जखमेकडे त्या शेजारच्या जखमेसारखीच एक जखम म्हणून पाहणें. तीच स्वच्छता, तोच हलका हात, तेंच वेदनाशामक औषध. हें सांगावयास कशाला हवें, असें वाचकांस वाटेल. परंतु ब्रिटनमध्यें आरोग्यसेवेचीं मार्गदर्शक तत्त्वें ठरविणारी 'नाइस' नांवाची संस्था आहे; तिनें २००४ सालीं या विषयावर आपलीं पहिलीं तत्त्वें प्रसिद्ध केलीं, तेव्हां अशा रोग्यांस टांके घालतांना भूल देणारें औषध पुरेसें द्यावें हें त्यांत स्पष्ट शब्दांनीं लिहावें लागलें. त्यापूर्वी काय होत असेल, तें यावरून ताडतां येतें. 'स्वतःच करून घेतलें ना, मग सोस आतां' हें वाक्य तोंडानें उच्चारलें नाहीं तरी हातानें बोलतां येतें.

जखम धुतां धुतां परिचारिका बोलूं लागते. येथें एका लहानशा शब्दाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्या घरांत 'कां' हा शब्द पुष्कळदां विचारण्यासाठीं नसतो. तो दोष देण्यासाठीं असतो. 'असें कां केलेंस?' या प्रश्नास मुलगी काय उत्तर देणार? ती गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्यास आपण हट्ट म्हणतों. त्याऐवजीं 'आज दिवसभरांत काय काय झालें?' असें विचारलें तर सांगावयास जागा मिळते. न मिळालें उत्तर, तरी अनुभवी परिचारिका घाई करीत नाहीं. ती पाणी देते, पांघरूण देते, 'थोडें दुखेल हं, आतां औषध लावतें' असें प्रत्येक वेळीं आधीं सांगून मग हात लावते. ज्या मुलीस आपल्या शरीरावरही आपली सत्ता उरली नाहीं असें वाटत आहे, तिला विचारून हात लावणें ही मोठी गोष्ट आहे. अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाउ यांनीं १९५२ सालच्या आपल्या ग्रंथांत परिचारिका व रोगी यांमधील नात्यालाच शुश्रूषेच्या केंद्रस्थानीं ठेवलें होतें. तें केवळ तत्त्वज्ञान नव्हतें, हें अशा वेळीं ध्यानांत येतें.

यानंतर मुलीशीं एकटीशीं बोलणें व मग आईवडिलांशीं बोलणें, हा क्रम महत्त्वाचा असतो. एकटीशीं बोलण्याआधींच परिचारिका एक गोष्ट स्पष्ट करते: 'तूं सांगशील तें मी गांवभर करणार नाहीं, पण तुझ्या जिवास धोका आहे, अथवा कोणी तुला त्रास देत आहे, असें मला दिसलें तर मला तें योग्य माणसांस सांगावें लागेल, आणि सांगण्यापूर्वीं मी तुला कळवीन.' आधीं 'कोणालाही सांगणार नाहीं' असें वचन देऊन मागाहून तें मोडणें याहून मुलाचा विश्वास उडविणारें दुसरें कांहीं नाहीं.

पुढील चौकशी सावकाश होते. आधीं काय घडलें, नंतर कसें वाटलें, झोप व जेवण कसें आहे, शाळेंत काय चाललें आहे, घरांत कोणाची भीति वाटते, कोणाजवळ बसावेंसें वाटतें. मुलीच्या अंगीं कोणते गुण आहेत, कशांत तिचें मन रमतें, हेंही विचारलें जातें. कारण पुढचा सारा आधार त्यावरच उभारावयाचा असतो. आणि एक प्रश्न सरळ, न अडखळतां विचारावा लागतो: 'तुला मरून जावेंसें वाटतें कां?' असें विचारल्यानें नसता विचार डोक्यांत भरतो, ही भीति आपल्याकडे फार आहे. या गोष्टीचा अनेक वेळां अभ्यास झालेला आहे, व विचारल्यामुळें असे विचार वाढतात असें आढळलेलें नाहीं. उलट, कोणी तरी तो शब्द उच्चारला म्हणून पुष्कळांस सुटल्यासारखें वाटतें.

पूर्वीं अशा रोग्यांस प्रश्नावलीवरून गुण देऊन 'धोका कमी', 'धोका अधिक' असे शिक्के मारण्याची पद्धत होती. नाइस या संस्थेनें २०२२ सालच्या सप्टेंबरांत सुधारून काढलेल्या तत्त्वांत, पुढें काय होईल याचें भाकित करण्यासाठीं किंवा उपचार कोणास द्यावे हें ठरविण्यासाठीं असे तक्ते वापरूं नयेत, असें सांगितलें आहे. त्या तक्त्यांचें भाकित भरवशाचें नसतें, आणि 'कमी' ठरलेलें मूल हात हलवीत घरीं परत जातें. तक्त्याऐवजीं मुलाबरोबर बसून, त्याच्याच शब्दांत, एका कागदावर कांहीं गोष्टी लिहून काढतात: मन बिघडूं लागलें कीं मला प्रथम काय जाणवतें, त्या वेळीं मी काय करूं शकतों, कोणाकडे जाऊं, कोणास दूरध्वनि करूं, घरांतील कोणत्या वस्तु माझ्या हातीं लागूं नयेत. 'पुन्हां असें करणार नाहीं' अशी शपथ मात्र घालीत नाहींत. शपथ मोडली तर मूल तें लपवितें, आणि लपविलेली जखम कोणाच्याच उपयोगाची नाहीं. काळजी वाटण्याजोगी स्थिति असेल तर त्या चौकशीनंतर ४८ तासांच्या आंत पुन्हां गांठ घ्यावी, असेंही त्या तत्त्वांत म्हटलें आहे.

येथें एक आक्षेप हटकून निघतो, आणि तो केवळ कठोर माणसेंच घेतात असें नाहीं. 'इतकी मायेची वागणूक मिळाली तर मूल पुन्हां तेंच करील; थोडा धाक हवाच.' धाकानें काय होतें याचें एक उदाहरण नमूद आहे. मार्शा लिनेहन ही अमेरिकन मुलगी १९६१ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयांत दाखल झाली. ती स्वतःस वारंवार इजा करी, म्हणून तिला एकांताच्या खोलींत कोंडून ठेवीत. त्या रिकाम्या खोलींतही तिचें इजा करणें थांबलें नाहीं. पुढें ती बरी झाली, मानसशास्त्राची प्राध्यापिका झाली, आणि अशाच रोग्यांसाठीं तिनें एक उपचारपद्धति तयार केली. तिचा ग्रंथ १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. 'तूं आहेस तशी मला मान्य आहेस' आणि 'तुला बदलावें लागेल' हीं दोन वाक्यें एकाच वेळीं खरीं मानणें हा त्या पद्धतीचा गाभा आहे. असह्य भावनेची लाट आली असतां ती ओसरेपर्यंत कसें तगून राहावें, हें तींत शिकवितात. पोहणें शिकवितात तसें, पुनःपुन्हां करवून घेऊन. आपण स्वतः कधीं काळीं रोगी होतों हें लिनेहनबाईंनीं २०११ सालीं, त्याच रुग्णालयांत उभें राहून, जाहीरपणें सांगितलें. हीच पद्धति कुमारवयास जुळवून घेऊन नॉर्वेमधील ऑस्लो येथें ७७ मुलांवर १९ आठवडे तिचा प्रयोग झाला. २०१४ सालच्या त्या वृत्तांताप्रमाणें नेहमीच्या उपचारांच्या मानानें इजेचे प्रसंग तिच्यामुळें कमी झाले.

तेव्हां माया म्हणजे लाड नव्हेत. जखम झाली तेव्हांच तेवढें प्रेम, आणि एरवीं दुर्लक्ष, असें झालें तर मात्र आक्षेप घेणाऱ्यांचें म्हणणें खरें ठरण्याचा संभव आहे. म्हणून चांगली परिचारिका जखमेविषयीं शांतपणें, मोजकें बोलते, आणि मुलाच्या बाकीच्या आयुष्याविषयीं पुष्कळ बोलते.

परिचारिकाही माणूसच असते. रात्रपाळीच्या शेवटीं, तिसऱ्यांदा आलेल्या त्याच मुलास पाहून तिला राग येतो, हताश वाटतें, कधीं किळसही येते. दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांच्या मनोवृत्तीसंबंधीं ७४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१२ सालीं घेतला गेला. त्यांत सर्वसाधारण इस्पितळांतील मनोवृत्ति बऱ्याच अंशीं प्रतिकूल आढळली, पण शिक्षण दिल्यानें ती सुधारते असेंही दिसलें. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. करुणा उपजतच असावी लागते, ती शिकवितां येत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. ज्यास कारण कळलें त्याचा राग बराचसा निवळतो. तरीही एकट्या परिचारिकेवर हा भार टाकूं नये. वडील परिचारिकेपाशीं मन मोकळें करण्याची सोय प्रत्येक वॉर्डांत असली पाहिजे.

आपल्याकडे पालक इस्पितळांत जाण्यास कचरतात, याचें एक कारण कायद्याचें भय हें होतें. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानें आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत साधी कैद अथवा दंड होऊं शके. आणि हेतु कोणताही असो, घरचे लोक 'पडली', 'लागलें' असें सांगून वेळ मारून नेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ सालीं संमत झाला व २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणें, असा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र मानसिक ताणाखालीं होती असें, उलट सिद्ध न झाल्यास, गृहीत धरावयाचें असतें. आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, व तींत तें जुनें कलम राहिलें नाहीं. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलास मानसोपचाराच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें तर त्यास प्रौढ रोग्यांपासून वेगळें ठेवावें, आणि पालक किंवा त्यांनीं नेमलेली व्यक्ति सर्व काळ त्याच्याजवळ राहावी, असेंही २०१७ च्या अधिनियमांत आहे. हें पालकांस ठाऊक असावें.

घरीं परत आल्यावर शुश्रूषेचा मोठा भाग आईवडिलांकडेच येतो. रोज बाह्या वर करावयास लावून तपासणी करूं नये. मूल अधिक आडजागीं इजा करूं लागतें. 'आम्हीं तुझ्यासाठीं काय कमी केलें?' हा प्रश्न कितीही मनापासून आला असला तरी तूर्त गिळावा. औषधांचा डबा, आणि शेतकऱ्याच्या घरीं फवारणीचीं औषधें, कुलपांत ठेवावींत. ओढीची लाट पुष्कळदां थोडा वेळच असते, आणि तेवढ्या वेळांत हाताशीं साधन नसणें यानें जीव वाचतात. मुलाबरोबर रोज थोडा वेळ, इजेचा विषय न काढतां, कांहीं तरी करावें: भाजी निवडावी, फिरावयास जावें, सायकल पुसावी. आणि धीर सोडूं नये. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत ४४ शाळांतील मुलांचा १९९२ पासून २००८ पर्यंत पाठपुरावा करून २०१२ सालीं जो वृत्तांत निघाला, त्यांत कुमारवयांत स्वतःस इजा करणाऱ्या बहुतेक मुलांची ती संवय तारुण्यांत सुटली होती. नैराश्य व चिंता यांचा संबंध मात्र त्यांत स्पष्ट दिसला. म्हणून 'वयानुसार जाईल' असें म्हणून उपचार टाळूं नयेत.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कोणास एखादा मित्र वा मैत्रीण असें कांहीं सांगेल, तर तो विश्वास आहे हें ओळखा. जखम दाखव असा आग्रह करूं नका, छायाचित्र काढूं नका, इतरांस सांगत सुटूं नका. पण 'कोणालाही सांगणार नाहीं' असें वचनही देऊं नका. दोघांस भरवशाचे वाटतील अशा शिक्षकांकडे, घरच्या वडील माणसाकडे किंवा डॉक्टरांकडे तिच्याबरोबर चालत जा. औषध वा विष पोटांत गेलें असेल किंवा जखम मोठी असेल, तर क्षणही न दवडतां मोठ्या माणसास हांक मारा व इस्पितळ गांठा. स्वतःचें मन असें झालें असेल तर हेंच स्वतःसाठीं करा. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे, ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठींतही बोलतां येतें. घरांतच कोणाकडून त्रास होत असेल तर मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. आणि ती मैत्रीण कांहीं दिवसांनीं पुन्हां वर्गांत आली, तर तिच्या बाह्यांकडे पाहूं नका. नेहमीच्या बाकावर तिची जागा राखून ठेवा व बुडालेल्या तासांच्या वह्या तिला उतरवून घेण्यास द्या.